चार अणूंवर उभा असलेला फोटो

रात्री साडेदहानंतर आमच्या बाथरूमचा ताबा माझ्याकडे येतो. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, झरोक्याला काळा पुठ्ठा लावायचा, गीझरच्या इवल्याशा दिव्यावर चिकटपट्टी मारायची आणि लाइट घालवून पाच मिनिटं नुसतं बसून राहायचं. डोळे सरावल्यावरही कुठून उजेड डोकावत नाही, अशी खात्री झाली की कॅमेऱ्यातून काढलेला फिल्मचा रोल उघडायचा. छत्तीस फोटोंची दीड मीटरहून लांब पट्टी अंधारात चाचपडत प्लॅस्टिकच्या चकरीवर चढवायची. मे महिन्यात बोटं घामेजली की पट्टी मध्येच अडकते आणि तोंडून जे शब्द निघतात ते घरच्यांना बाहेर ऐकू जातात. चकरी डब्यात गेली, झाकण बसलं, की मग लाइट लावायला हरकत नाही.

या सगळ्या खटाटोपात मला गंमत वाटते ती एकाच गोष्टीची. अंधारात ती पट्टी हातात असते तेव्हा छत्तीस फोटो काढून झालेले असतात. पण त्या घडीला कुणी लाइट लावलाच, तर रोल वाया जाईल आणि जाता जाता दिसणारही काही नाही. इकडून तिकडे सगळी पट्टी एकसारखी फिकट, मळकट. भिंगातून बघा, नाही तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मग फोटो असतो कुठे?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. जेलीत असतं तेच जिलेटिन. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडं आयोडाइड मिसळलेले, असंख्य स्फटिक विखुरलेले असतात. एकेक स्फटिक मायक्रॉनभर किंवा त्याहूनही बारीक. केसाच्या जाडीत पन्नासेक सहज मावावेत एवढा. तरीही एवढ्याशा स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, दाटीवाटीने बसलेले असतात.

खटका दाबला, शटर समजा सेकंदाच्या १२५व्या भागापुरतं उघडलं. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकात शिरला आणि त्याने ब्रोमाइडच्या एका आयनातून इलेक्ट्रॉन मोकळा केला. हा इलेक्ट्रॉन भटकत भटकत स्फटिकातल्या एखाद्या खोडीपाशी, म्हणजे रचनेतल्या दोषापाशी, जाऊन अडकतो. मग चांदीचा एक उनाड आयन तिकडे ओढला जातो, दोघं भेटतात आणि चांदीचा एक अणू तयार होतो. दुसरा फोटॉन आला, की त्याच जागी दुसरा अणू. असे साधारण चार अणू एका ठिकाणी जमले की त्या स्फटिकापुरता फोटो निघाला! रोनल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ साली ही यंत्रणा मांडली. बारकाव्यांवर नंतर बरीच खडाजंगी झाली, पण गाभा तोच राहिला.

अब्जावधींच्या वस्तीत फक्त चौघे जागे, आणि फोटो तो एवढाच. डोळ्यांना काही दिसत नाही यात नवल नाही. पुढचं काम डेव्हलपर नावाच्या रसायनाचं. ज्या स्फटिकात हे चौघे बसले आहेत, त्याला तो बरोबर हेरतो आणि अख्ख्या स्फटिकाची काळी, धातुरूप चांदी करून टाकतो. ज्यात चौघे नाहीत, तो शेजारचा स्फटिक तसाच राहतो. अर्थात वेळेचं भान ठेवलं तर, कारण फार वेळ ठेवलं की डेव्हलपर त्यालाही सोडत नाही. चाराचे झाले अब्जावधी. मूळ खूण जवळजवळ अब्जपट मोठी करणारी ही क्रिया माझ्या बाथरूममध्ये, प्लॅस्टिकच्या डब्यात, घड्याळ लावून आठ-दहा मिनिटांत उरकते.

इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटला या लपलेल्या चित्राचा सुगावा सप्टेंबर १८४० मध्ये लागला. तोवर कागदावर चित्र दिसेपर्यंत तो कॅमेरा अर्धा-अर्धा तास उघडा ठेवत असे. मग त्याच्या लक्षात आलं, की वरकरणी कोऱ्या कागदावर गॅलिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेटचं मिश्रण फिरवलं की चित्र आपोआप उमटतं. अर्ध्या तासाचं काम मिनिटा-दोन मिनिटांवर आलं. माणसांचे फोटो काढणं कागदावर खऱ्या अर्थाने शक्य झालं ते यामुळे.

इलेक्ट्रॉन अडकतो त्या खोडीची कथा मला फार आवडते, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचते. १९२०च्या आसपास फिल्म बनवणारे एका कोड्याने हैराण होते. तीच कृती, तीच मापं, पण एका खेपेचं जिलेटिन वापरलं की फिल्म चलाख, म्हणजे थोड्या उजेडातही फोटो टिपणारी, निघे आणि दुसऱ्या खेपेचं वापरलं की मठ्ठ. जिलेटिन गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून बनतं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्डने शोध घेत घेत १९२५ मध्ये मूळ गाठलं. काही जिलेटिनात गंधकाची अत्यल्प संयुगं होती, आणि ती आली होती गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून. फेसलेल्या मोहरीचा जो झणका थेट नाकात जातो, तो ज्या द्रव्यामुळे, तेच हे द्रव्य. त्यातल्या गंधकामुळे स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके पडतात आणि इलेक्ट्रॉनला अडकायला आयती जागा मिळते. पुढे कारखान्यांनी गुरांच्या चाऱ्यावर विसंबणं सोडलं आणि गंधक मोजून घालायला सुरुवात केली.

चौघे जमले की टिकतात. एकटा मात्र टिकत नाही. चांदीचा एकच अणू तयार झाला आणि दुसरा फोटॉन लवकर आला नाही, तर तो पुन्हा विरघळून जातो. रात्रीच्या फोटोंचा विचका होतो तो इथे. एकदा एका जुन्या वाड्याची दिंडी कंदिलाच्या उजेडात टिपली होती. उजेड मोजणारा मीटर म्हणाला आठ सेकंद, मी आठ सेकंद दिले आणि निगेटिव्हवर, म्हणजे उजेडाचं काळं दाखवणाऱ्या धुतलेल्या पट्टीवर, जेमतेम सावली आली. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट करा, हा हिशेब सेकंदापलीकडे फिल्मला लागू पडत नाही. फोटॉन इतके सावकाश येतात, की आधीचा अणू पुढच्याची वाट बघत बसत नाही. तिथे आठाचे वीस सेकंद द्यावे लागतात, हे मी रोल घालवून शिकलो.

आणि एकदा का चौघे बसले, की किती दिवस बसतात? स्वीडनचा सालोमोन आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार जुलै १८९७ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. फुगा अडीचेक दिवसांत बर्फावर उतरला, तिघे कित्येक आठवडे पायपीट करत राहिले आणि क्विटोया बेटावर मरण पावले. त्यांतला निल्स स्ट्रिंडबर्ग वाटेत फोटो काढत होता. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, त्यांत त्या फिल्मही होत्या. तेहतीस वर्षं भिजलेल्या, गोठलेल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्गने त्या धुतल्या आणि ९३ फोटो हाती लागले. एका फोटोत कलंडलेला फुगा आहे आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं. थंडीने राखलं म्हणायचं. आमचा एक रोल रत्नागिरीच्या कपाटात अकरा पावसाळे राहिला, त्यातून निघालं ते नुसतं धुकं. उष्णता आणि दमट हवा मिळाली की चौघांतले काही उठून जातात, आणि जिथे उजेड पडलाच नव्हता तिथे भलतेच येऊन बसतात.

उन्हाळ्यात म्हणूनच मी फ्रिजमधला बर्फ पळवतो. रसायनं २० अंशांवर हवीत आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे असतं. पाणी गरम, की डेव्हलपर घाई करतो आणि जिलेटिन लिबलिबीत होतं. माझा डेव्हलपर आहे डी-७६, कृती १९२७ची. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि चिमूटभर बोरॅक्स. त्यानंतर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, आणि शेवटी हायपो. न वापरलेले स्फटिक विरघळवून टाकणारा हा हायपो नसता तर कुठलाच फोटो उजेडात आणता आला नसता. त्याचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच हेरला होता, फोटोग्राफी रुळायच्या वीस वर्षं आधी.

लाल दिवा लावत नाही का, असं पाहुणे हमखास विचारतात. तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो, कारण तो कागद लाल रंगाला आंधळा असतो. पूर्वी फिल्मही तशीच होती. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला दिसलं, की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर स्फटिकांना निळ्यापलीकडचे रंगही कळू लागतात. लाल कळायला आणखी बराच काळ गेला. पणजीच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं, ते बहुधा यामुळे.

फिल्म मोबाइलपेक्षा चांगली, असं काही मी म्हणणार नाही. अंधारात मोबाइल तिला सहज हरवतो, आणि रोलचे भाव ऐकून मलाही घाम फुटतो. पण भर उन्हातला पांढरा सदरा निगेटिव्हवर हळूहळू दाट होत जातो, मोबाइलवर होतो तसा एकदम कोरा पडत नाही. आणि फिल्मच्या फोटोतला तो रवाळपणा कुणी वरून भुरभुरलेला नसतो. त्या स्फटिकांनीच फोटो बनलेला असतो, कुठलेही दोन दाणे सारखे नसतात.

अर्धा तास पाणी वाहून गेल्यावर पट्टी चकरीवरून सोडवायची, खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावायचा आणि नळाच्या वर बांधलेल्या दोरीवर टांगायची. काल बाराव्या चौकटीत आई निघाली, ओट्यापाशी उभी. केस पांढरे शुभ्र, साडी उलट्या रंगांत, आणि हातातलं भांडं काळंकुट्ट, म्हणजे खिडकीतलं ऊन नेमकं त्यावर पडलं असणार. हा फोटो गेल्या गणपतीत काढला होता. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून दिवा मालवून झोपायला गेलो.