चॉकलेट फाटत नाही, त्याचा किल्ला होतो

चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचे चार थेंब पडतात आणि मिनिटापूर्वी मधासारखं ओघळणारं चॉकलेट रवाळ, कोरडं, चमच्याला चिकटणारं ढेकूळ होऊन बसतं. घरात लगेच निदान होतं: फाटलं. दूध फाटतं तसं. मग तो गोळा टाकून दिला जातो.

हे निदान साफ चूक आहे. दूध फाटतं तेव्हा त्यातल्या केसीन या प्रथिनाचे कण आम्लामुळे एकमेकांना धरतात आणि पाणी वेगळं होतं. ती प्रक्रिया उलटी फिरवता येत नाही. चॉकलेटमध्ये जे घडतं त्याचा प्रथिनांशी काही संबंध नाही आणि ते दोन मिनिटांत पुन्हा गुळगुळीत, वाहतं करता येतं. गंमत म्हणजे उपायही पाणीच आहे, फक्त जास्त पाणी.

हे नीट समजलं की गोव्यातल्या लाडक्या सेराडुराला चॉकलेट आणि मानकुराद आंब्याची जोड देणं सोपं होतं. सेराडुरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत लाकडाचा भुसा. मारी बिस्किटांचा चुरा आणि फेटलेली क्रीम यांचे थर, एवढाच हा पदार्थ. त्याला ओव्हन लागत नाही आणि लहानांपासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम येतं. पण त्यात चॉकलेट आणि रसाळ फळ आलं की प्रत्येक थराची जागा एकाच गोष्टीवर ठरते. ती म्हणजे पाणी कुठे आहे आणि किती आहे.

आधी चॉकलेट म्हणजे काय ते पाहू. डार्क चॉकलेट वितळलं की आपल्याला ते द्रव वाटतं, पण खरं तर तो तेलात बुडालेला कोरडा चुरा असतो. तेल म्हणजे कोको बटर. चुरा साखरेचा आणि कोकोच्या कणांचा. हे कण साधारण १५ ते २५ मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून फार मोठे झाले तर जिभेला खरखर जाणवते. पाण्याचं प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी. कारखान्यात चॉकलेट तासन्‌तास घोटतात. १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये रोडोल्फ लिंट यांनी शोधलेली ही पद्धत. या घोटण्यात उरलासुरला ओलावा उडून जातो आणि प्रत्येक कणाला कोको बटरचा लेप बसतो. लेप बसला की कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून चॉकलेट वाहतं.

आता पणजीतल्या मिरामारच्या किनाऱ्यावर चला. भरतीच्या रेषेच्या वरची वाळू कोरडी असते. मूठ भरली तर बोटांतून सुळकन निसटते. तीच वाळू थोडी ओली करा, तिचा किल्ला उभा राहतो, बुरूजही होतात. आणखी पाणी ओता, किल्ला वाहून जातो. वाळू तीच, फरक फक्त पाण्याच्या प्रमाणाचा. कोरडी वाहते, थोडी ओली उभी राहते, खूप ओली पुन्हा वाहते.

चॉकलेटमध्ये अक्षरशः हेच होतं. साखरेला पाण्याची ओढ आहे, तेलाची नाही. पाण्याचा थेंब पडला की तो कोको बटरमध्ये मिसळत नाही. साखरेच्या कणांना जाऊन चिकटतो. दोन कणांमध्ये पाण्याचा, खरं म्हणजे पाकाचा, बारीकसा पूल तयार होतो. पाणी आणि तेल यांच्या सीमेवर पृष्ठताण असतो आणि त्या ताणामुळे हा पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे खेचतो. एका कणाला चार-पाच शेजारी असतात, त्यामुळे पुलांचं जाळं भांडंभर पसरतं. वाहणारं चॉकलेट थिजतं. तेल अजूनही तिथेच असतं, पण जाळ्यात अडकलेलं.

किती जोराने खेचतो हा पूल? थोडा हिशेब करू. गोल कणांमधल्या पुलाचं बल ढोबळमानाने कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असतं: २ × ३.१४ × त्रिज्या × पृष्ठताण. कणाचं वजन मात्र त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे कण जितका लहान, तितकं पुलाचं पारडं जड. वाळूचा ०.२ मिलिमीटर व्यासाचा कण घ्या, पाणी आणि हवा यांमधला पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरा. पुलाचं बल कणाच्या वजनाच्या सुमारे ४०० पट येतं. म्हणून किल्ला उभा राहतो. आता साखरेचा २० मायक्रॉनचा कण घ्या. पाणी आणि तेल यांमधला ताण बराच कमी, ०.०२ धरू. तरीही बल वजनाच्या जवळजवळ २०,००० पट निघतं! पाव चमचा पाणी वाटीभर चॉकलेट का अडवून धरतं, ते या आकड्यात आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या संशोधक एरिन कूस आणि नॉर्बर्ट विलेनबाखर यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा मिश्रणांचा अभ्यास मांडला. तेलात बुडालेल्या कणांत थोडंसं, न मिसळणारं दुसरं द्रव घातलं की पातळ मिश्रणाची जेलसारखी घट्ट रचना होते, हे त्यांनी दाखवलं.

हिशेबाचा परिच्छेद जड गेला असेल तर तीन वाट्या घ्या आणि मुलांना जवळ बोलवा. प्रत्येक वाटीत २० ग्रॅम डार्क चॉकलेट, गरम पाण्यावर ठेवून वितळवलेलं. पहिलीत काही घालू नका. दुसरीत पाव चमचा पाणी घालून ढवळा: किल्ला. तिसरीत दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, गरम पाणी एकदम घाला आणि ढवळा. क्षणभर बिनसल्यासारखं दिसेल, मग गुळगुळीत, चकचकीत सॉस होईल. आता दुसऱ्या वाटीतल्या ढेकळात चमचा-चमचा गरम पाणी घालत ढवळत राहा. दीड-दोन चमच्यांवर ते अचानक सैल पडतं. साखर विरघळली, पूल बुडाले, आणि आता पाणी हा समुद्र झाला, तेलाचे थेंब त्यात तरंगू लागले. सुरुवातीला बरोबर उलटं होतं.

म्हणून बिघडलेलं चॉकलेट टाकायचं नाही. ५५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटला किमान ३० मिली गरम दूध किंवा क्रीम घाला. ७० टक्क्यांच्या चॉकलेटला ४० मिली किंवा थोडं अधिक, कारण कोकोचे कणही पाणी शोषतात. ते पुन्हा वडी पाडण्याच्या कामाचं राहत नाही, पण थरासाठी उत्तम.

पाणी घातलं नसतानाही चॉकलेट थिजतं, ही तक्रार गोव्यात फार ऐकू येते. त्यामागे बहुतेक वेळा फ्रिज असतो. मे महिन्यात इथल्या हवेत इतका दमटपणा असतो की २५ अंशांच्या आसपासच्या वस्तूवरही दव धरतं. ४ अंशांवरची वडी बाहेर काढून लगेच वेष्टन उघडलं की तिला घाम फुटतो आणि ते पाणी थेट भांड्यात जातं. वडी वेष्टनासकट ४० मिनिटं बाहेर ठेवा, मग उघडा. दुसरा गुन्हेगार लाकडी डवली, म्हणजे करवंटीचा पळा. लाकूड आणि करवंटी दोन्ही पाणी धरून ठेवतात. पुसलेली डवलीही आतून ओली असते. कोरडा स्टीलचा चमचा घ्या. तिसरी वाफ: खालच्या टोपातलं पाणी उकळू देऊ नका, वरचं भांडं टोपाच्या तोंडावर घट्ट बसलेलं हवं.

त्याच घामामुळे वडीवर पांढरे डाग पडतात. साखर विरघळते, पाणी उडतं, साखरेचे स्फटिक वर उरतात. कधी कोको बटरच वितळून पृष्ठभागावर पुन्हा गोठतं. दोन्ही डागांना लोक बुरशी समजतात. बुरशी लोकरीसारखी उठते आणि तिला कुबट वास येतो. हे डाग निरुपद्रवी आहेत, वडी वितळवायला बिनधास्त घ्या.

आता साहित्य, २५० मिलीच्या ८ ग्लासांसाठी. डार्क चॉकलेट २५० ग्रॅम; पाकिटावर कोको बटर लिहिलंय ना ते पाहा, वनस्पती तेलाचं कंपाउंड तोंडात तितकं छान विरघळत नाही. २५ टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम २०० मिली. ३५ टक्क्यांची फेटायची क्रीम ३०० मिली. कंडेन्स्ड मिल्क १०० ग्रॅम. मारी बिस्किटं १५० ग्रॅम. साजूक तूप एक मोठा चमचा. मानकुरादच्या फोडी ४०० ग्रॅम.

बिस्किटांचा चुरा मुलांनी करावा, पिशवीत घालून लाटण्याने. रव्यापेक्षा जाड ठेवा. त्यातला १०० ग्रॅम चुरा बाजूला काढा. ५० ग्रॅम चॉकलेट तुपासह वितळवून त्याला चोळा. इथे लोणी नको. बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, आणि थोडं पाणी काय करतं ते वाटीत पाहिलंच आहे. तुपात पाणी नसतं. चुऱ्याला चॉकलेटचा लेप बसला की तो ओल शोषत नाही, दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहतो. लेप नसलेला चुरा फळाच्या रसात तासाभरात चिखल होतो.

उरलेल्या २०० ग्रॅम चॉकलेटचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीमचं मऊ मिश्रण. चॉकलेट तूरडाळीएवढं बारीक चिरा. फ्रेश क्रीम मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध लहान गोल फिरवत ढवळा. मध्यभागी चमक दिसली की वर्तुळ मोठं करत जा. घाईने सगळं एकदम घुसळलं तर तेल सुटतं. तसं झालंच तर एक चमचा कोमट दूध घालून पुन्हा मधूनच सुरू करा. गनाश झालं की पाण्याची भीती संपते. आता त्यात पाणी भरपूर आहे, थेंबाने काही होत नाही. म्हणून भांडं निर्धास्तपणे थंड पाण्याच्या परातीत ठेवा, कारण ३१ अंशांच्या स्वयंपाकघरात ते आपोआप निवत नाही. बोटाला गार-कोमट लागलं की वापरा. त्याहून गरम असेल तर वरची क्रीम वितळेल.

कोको बटरचे सहा प्रकारचे स्फटिक असतात आणि चमकदार वडीसाठी पाचवा लागतो, तो सुमारे ३४ अंशांवर वितळतो. त्यासाठी चॉकलेट मधे २७-२८ अंशांपर्यंत थंड करावं लागतं, जे मे महिन्यात एसीशिवाय कठीण. गनाशला त्याची गरजच नाही, हा त्याचा मोठा गुण. आपल्या कोकमच्या बियांचं मुठेल, जे आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो, ते कोको बटरचं जवळचं भावंड आहे आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं. उष्ण प्रदेशातल्या चॉकलेटला टणकपणा द्यायला ते खरोखर उपयोगी आहे.

फेटायची क्रीम, भांडं आणि पाती, तिन्ही थंडगार हवीत. भांडं २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. हवेचे बुडबुडे धरून ठेवतात ते लोण्याचे घट्ट कण, आणि उकाड्यात ते पातळ होतात. २५ टक्क्यांची क्रीम कितीही फेटली तरी उभी राहत नाही, हात मात्र दुखतो. मऊ शेंडे आले की कंडेन्स्ड मिल्क घालून आणखी अर्धं मिनिट फेटा, पुढे गेलात तर लोणी निघेल.

मानकुरादला साखर लावू नका. साखर फोडीतलं पाणी बाहेर ओढते आणि ग्लासात तळं साचतं. मानकुराद हे नाव मालकोरादो, म्हणजे फिक्या रंगाचा, या पोर्तुगीज शब्दावरून आलं. रंगाला नावं ठेवलेल्या या आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि गोडीला वरून काही लागत नाही. एक सेंटिमीटरच्या फोडी करून दहा मिनिटं चाळणीत ठेवा. निथळलेला रस वाढताना वरून घाला. अननस घेणार असाल तर फोडी पाच मिनिटं उकळून गार करा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन हे विकर दुधाची प्रथिनं तोडतं, क्रीम कडवट आणि पातळ होते. उकळल्यावर विकर निकामी होतं.

थर खालून वर असे: लेप दिलेला चुरा, गनाश, क्रीम, आंबा, पुन्हा पातळ क्रीम. चुरा आणि आंबा यांच्यामध्ये गनाश हवंच. साधा ५० ग्रॅम चुरा शेवटी, वाढताना भुरभुरवा. ग्लास झाकून चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

रविवारी हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, जेवण झाल्यावर हे ग्लास पुढे आले की कोणीतरी म्हणतंच, माशांवर दुधाचं खाऊ नका, कोड येतं. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. मासे आणि दूध एकत्र खाण्याने असं होत नाही. दूध आणि फळ पोटात फाटतं ही भीतीही फोल, कारण जठरातल्या आम्लात नुसतं दूधसुद्धा फाटतंच. पचनाची सुरुवातच तशी होते. या समजापायी कोड असलेल्या माणसांना त्यांच्या खाण्यावरून बोल ऐकावे लागतात, ते थांबायला हवं.

ग्लास बाहेर काढल्यावर काचेला घाम येईल, तो बाहेरचा आहे, झाकण लगेच उघडू नका. पाच मिनिटांनी उघडा. तोवर गनाश चमच्याने कापलं जाईल इतपत मऊ होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत चव उत्तम राहते. तिसऱ्या दिवशी आंबा पाणी सोडतो.