घोडीचं लांबलचक नाव आणि एक शून्य

माळा आवरताना खोक्यात गुंडाळलेला निन्टेंडो वी सापडला, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल. २००८ साली दादा न्यू जर्सीहून सुट्टीला आला होता, तेव्हा पोरांसाठी घेऊन आलेला. आणला त्याच दिवशी मी त्याचा अडॅप्टर उत्साहाने थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. अमेरिकेतला अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. फट् असा आवाज, जळका वास, आणि वीची रवानगी माळ्यावर.

यंदा मुलीने तो खाली काढला. आतल्या यंत्राला लागतात फक्त १२ व्होल्ट डीसी, म्हणजे मशीन शाबूत असण्याची शक्यता होती. जुन्या अडॅप्टरची वायर कापून ती एलईडी पट्ट्यांच्या १२ व्होल्टवाल्या अडॅप्टरला जोडली, आणि पुढचा दिवा लागला. पण डिस्क एकच, तीही चरे पडलेली. ऑनलाइन दुकान निन्टेंडोने जानेवारी २०१९ मध्ये बंद केलेलं. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "चिप मारावी लागेल, अडीच हजार होतील."

हा लेख त्या चिपसाठी आहे. कारण वीला चिप लागतच नाही.

गैरसमज समजण्यासारखा आहे. प्लेस्टेशनच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या काळात कंपनीचं कुलूप चुकवायला खरोखरच सोल्डरिंग गन घेऊन बोर्डावर चिमुकली चिप बसवत, आणि 'चिप मारलेला' हा शब्द बाजारात तेव्हापासून रुळला. सॉफ्टमॉड हा वेगळा प्रकार आहे. त्यात यंत्र उघडायचंच नाही. बाहेरून फक्त माहिती आत द्यायची, आणि यंत्राने आपणहून आपलं ऐकावं अशी ती माहिती रचायची. आत शिरल्यावर जे चालवतात ते होमब्रू, म्हणजे कंपनीची परवानगी न घेता हौशी लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर: व्हिडिओ प्लेअर, छोटे खेळ, अगदी लिनक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा. चोरीचे गेम चालवणं हा निराळा उद्योग, आणि वीचं कुलूप ज्यांनी उघडलं त्यांना त्याचा मनापासून तिटकारा होता.

वीच्या पोटात दोन प्रोसेसर आहेत. गेम चालवतो तो ब्रॉडवे, ७२९ मेगाहर्ट्झचा. दुसरा एआरएम जातीचा छोटा प्रोसेसर हॉलिवूड नावाच्या चिपच्या आत दडलेला, त्याला हौशी लोक स्टारलेट म्हणतात. हा इमारतीचा वॉचमन. डिस्क, एसडी कार्ड, वायफाय, अंतर्गत ५१२ एमबीची साठवण म्हणजे फ्लॅश, सगळ्यांच्या किल्ल्या याच्याकडे. गेमला काहीही हवं असलं तरी आधी याला विचारायचं. हा फक्त निन्टेंडोची सही असलेल्या सॉफ्टवेअरलाच आत सोडतो.

त्याच्या किल्ल्या काढल्या चिमट्याने. हे अलंकारिक नाही, खराखुरा चिमटा, भुवया कोरायला वापरतात तसला. वी निन्टेंडोच्याच आधीच्या गेमक्यूब या कन्सोलचे गेमही चालवायचा, आणि गेमक्यूबची सुरक्षा तोवर पार मोडलेली होती. गेमक्यूबच्या रूपात असताना ब्रॉडवेला ६४ एमबीच्या मोठ्या मेमरीतला फक्त १६ एमबीचा तुकडा दिसे. उरलेल्या तीन तुकड्यांत वॉचमनचं सामान तसंच पडून राहायचं, कोणी पुसायचं नाही. मेमरीच्या कुठल्या खोलीत जायचं हे तांब्याच्या बारीक पत्ता-वाहिन्यांवरून ठरतं. चिमट्याच्या टोकांनी दोन बिंदू जोडले की मागितलेला पत्ता चुकतो आणि भलतीच खोली उघडते. असं करत करत सगळी मेमरी वाचून काढली, आणि तीत गुप्त किल्ल्या होत्या. हे करणाऱ्या हौशी मंडळींनी आपल्या गटाचं नावही ट्विझर्स, म्हणजे चिमटा, यावरून घेतलं, फक्त वीची आठवण म्हणून स्पेलिंगमध्ये दोन 'आय' घालून. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात वीवर स्वतःचा कोड चालवून दाखवला गेला.

पण प्रत्येकाने घरी वी उघडून चिमटा लावायचा का? मग आली घोडी.

वीसोबत २००६ मध्ये आलेल्या झेल्डा मालिकेतल्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेममध्ये नायकाची एक घोडी आहे. तिचं नाव एपोना, पण खेळणाऱ्याला ते बदलता येतं. गेममध्ये टाइप करताना अक्षरांवर मर्यादा आहे. खेळ कुठवर आला हे साठवणारी सेव्ह फाइल उघडताना मात्र नाव किती लांब आहे हे गेम तपासत नाही, जेवढं असेल तेवढं उचलून मेमरीत ओततो. लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं की फाइल आपणच लिहिलेली, तीत वावगं काय असणार! चिमट्यामुळे एका वीची स्वतःची सही करायची किल्ली मिळालेली होतीच. ती वापरून बनवलेली सेव्ह फाइल जगातला कुठलाही वी खरी मानत असे. त्या फाइलमध्ये घोडीचं नाव मारुतीच्या शेपटीएवढं लांब ठेवलं. नाव आपल्या जागेत मावेना, शेजारच्या जागेत सांडलं. अशा सांडण्यात साधारणतः 'हे काम झालं की परत कुठे जायचं' तो पत्ताच पुसला जातो आणि त्यावर नावातली अक्षरं बसतात. प्रोसेसर बिचारा ती अक्षरं पत्ता समजून तिकडे जातो, आणि तिथे आपला कोड वाट बघत बसलेला असतो. २००८ च्या फेब्रुवारीत आलेला हाच ट्वायलाइट हॅक.

आपल्याकडे अंकशास्त्रवाले नावात एक 'ए' किंवा 'आय' वाढवून नशीब बदलून देण्याचे पैसे घेतात. नाव लांबवल्याने खरोखर नशीब बदलल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण आहे, आणि इथे कुठलं अक्षर कुठल्या पत्त्यावर पडलं म्हणून बदललं हे बोट ठेवून दाखवता येतं.

तरीही इथवर आपण गेमच्या घरात शिरलो, वॉचमन अजून जागेवरच आहे. मशीनमध्ये कायमचं काही बसवायचं तर निन्टेंडोची सही लागणारच. आणि इथे ती चूक आहे, जिच्यासाठी मी हा सगळा घाट घातला.

सही तपासायची पद्धत अशी. आधी फाइलचा हॅश काढायचा. एसएचए-१ ही कृती कितीही मोठी फाइल गिळते आणि २० संख्या बाहेर काढते, प्रत्येक ० ते २५५ मधली. ए, बी, सी ही तीन छोटी इंग्रजी अक्षरं दिली तर उत्तर १६९, १५३, ६२, ५४ असं सुरू होतं. एक अक्षर बदला, विसाच्या वीस संख्या उलट्यापालट्या होतात. कंपनी या हॅशवर आपल्या गुप्त किल्लीने आरएसए नावाची गणिती प्रक्रिया करते, त्यातून जी अवाढव्य संख्या निघते ती म्हणजे सही. तपासणारा वॉचमन त्या संख्येचा ६५५३७ वा घात करतो, दुसऱ्या एका ठरलेल्या अवाढव्य संख्येने भागतो आणि बाकी बघतो. सही खरी असेल तर त्या बाकीत शेवटी तोच हॅश मिळतो. मग स्वतः काढलेला हॅश आणि सहीतून निघालेला हॅश शेजारी ठेवायचे, जुळले तर आत सोडायचं.

गणित पोलादी आहे. ज्या संख्येने भागतात ती २०४८ बिटांची, म्हणजे दशमानात लिहिली तर सहाशेहून जास्त अंक. तिचे अवयव पाडणं आजही कोणाला जमलेलं नाही. जाहिरातवाले ज्याला 'मिलिटरी-ग्रेड' म्हणून विकतात ते असलंच काहीतरी. (मिलिटरीने कधी ग्रेड दिली, कोणाला दिली, हे विचारू नये.)

घोटाळा झाला शेवटच्या 'जुळतात का' मध्ये.

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन गोष्टी जुळवायला दोन तयार फंक्शन्स आहेत. मेमकम्प सांगाल तितक्या संख्या एकेक करून ताडून बघतं. स्ट्रएनकम्प आहे शब्दांसाठी, आणि सी भाषेत शब्द कुठे संपला हे शून्याने दाखवतात. ते शून्य म्हणजे पूर्णविराम. म्हणून स्ट्रएनकम्प दोन्हीकडे एकाच जागी शून्य दिसलं की थांबतं आणि म्हणतं, दोघंही इथवर सारखे होते, दोघंही संपले, म्हणजे सारखेच. नावं जुळवताना हे अगदी बरोबर आहे. पण हॅश म्हणजे शब्द नव्हे. त्यात शून्य ही इतर २५५ संख्यांसारखीच एक संख्या, ती कुठेही येऊ शकते.

वॉचमनच्या प्रोग्राममध्ये स्ट्रएनकम्प लिहिलेलं होतं.

समजा दोन पत्रं आहेत आणि दोन्ही पूर्णविरामानेच सुरू होतात. वाचणाऱ्याला सांगितलंय की पूर्णविराम आला की थांब. तो पहिल्या ठिपक्यावरच थांबतो आणि कळवतो, मजकूर तंतोतंत जुळला. खाली एकात आमंत्रण असेल, दुसऱ्यात जप्तीची नोटीस.

म्हणजे आता फक्त दोन्ही हॅश शून्याने सुरू व्हायला हवेत. सहीतून निघणाऱ्या हॅशचं काय? सहीच्या जागी सरळ शून्य भरा, सगळीकडे शून्य. शून्याचा कितीही घात करा, ६५५३७ वा का होईना, उत्तर शून्य. त्याला कशानेही भागा, बाकी शून्य. आठवीतलं पोरगं सांगेल. एरवी त्या बाकीत हॅशच्या आधी ठरावीक भराव असावा लागतो, तो आहे का हे बघितलं असतं तरी चोरी पकडली गेली असती. वॉचमन तेही बघत नव्हता.

राहिला आपल्या फाइलचा हॅश. तो कसा येईल हे आपल्या हातात नाही, पण फाइलच्या शीर्षात कोणी न वापरलेली थोडी जागा असते. तिथे १ लिहा, हॅश काढा. जमलं नाही? २ लिहा, परत काढा. पहिली संख्या शून्य येण्याची शक्यता २५६ त एक. लुडोमध्ये सोंगटी बाहेर काढायला सहा पडावा लागतो तसंच, फक्त फाशाला २५६ बाजू. २५६ वेळा टाकलात तर शून्य मिळालेलं असण्याची शक्यता ६३ टक्के, हजार वेळा टाकलात तर ९८ टक्के. वीसही संख्या जुळवायच्या असत्या तर साधारण १ वर ४८ शून्यं दिल्यावर होणाऱ्या संख्येच्या दीडपट शक्यतांशी गाठ होती. मी 'कांदेपोहे' या शब्दापुढे आकडे लावत दहा ओळींचा प्रोग्राम चालवून पाहिला. एंटरवरून बोट उचलायच्या आत शून्याने सुरू होणारा हॅश समोर होता.

हॉलिवूडच्या सिनेमातला हॅकर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बदाबदा पाडतो. इथे प्रत्यक्षात हवी होती एक शून्यांची रांग आणि लुडो खेळण्याइतका धीर.

निन्टेंडोने २००८ मध्ये वॉचमनचा प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला, पुढच्या वर्षी वीच्या मेनूच्या, म्हणजे सुरू झाल्यावर दिसणाऱ्या मुख्य पडद्याच्या, ४.० आवृत्तीने घोडीचाही रस्ता बंद केला. पण एक जागा त्यांनाही बदलता येईना. वी चालू होताना एकामागून एक उठणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची शिडी असते: बूट०, मग बूट१, मग बूट२, मग मेनू. बूट० कारखान्यात सिलिकॉनमध्येच कोरलेला. तो बूट१ चा हॅश काढून चिपमध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतल्या हॅशशी ताडतो, फरक दिसला तर यंत्र सुरूच होत नाही. मग बूट१ हा बूट२ ची सही तपासतो. सुरुवातीच्या कन्सोलमधल्या बूट१ मध्येही तोच स्ट्रएनकम्प आहे. तो सुधारायला बूट१ बदलावा लागेल, बदलला तर हॅश जुळणार नाही, आणि जुळणारा नवा हॅश लिहायला जागा नाही. चोर आत येऊ नये म्हणून ओतलेल्या काँक्रीटमध्ये चुकीचं कुलूपही पक्कं झालं. त्यामुळे जुन्या वीमध्ये बूट२ च्या जागी बूटमी नावाचं होमब्रू बसवता येतं. वरचं सगळं बिघडलं तरी ते आधी उठतं आणि फ्लॅशची जुनी प्रत परत भरून देतं.

चालू झाल्यावर इंटरनेटवरून अपडेट केल्याने माझ्या वीवर मेनू ४.३ आला होता, त्यामुळे घोडी उपयोगाची नव्हती. २०११ मध्ये आलेला लेटरबॉम्ब वापरला. त्यात खोटं पत्र एसडी कार्डावर ठेवतात, वीच्या निरोपांच्या फळ्यावर लाल बॉम्बचं पाकीट दिसतं, ते उघडलं की पुन्हा तेच सांडणं. इन्स्टॉलर सुरू झाला आणि पहिल्याच पडद्यावर इशारा आला: हे सॉफ्टवेअर विकायला मनाई आहे, तुम्ही यासाठी पैसे दिले असतील तर तुम्हाला फसवलंय, पैसे परत मागा. मला दुकानदाराचे अडीच हजार आठवले.

पुढच्या पडद्यावर, बूटमी बूट२ मध्ये बसवता येईल असं लिहून आलं. म्हणजे दादाने आणलेला वी चुकीच्या कुलुपाच्या पिढीतला निघाला. बसवलं आणि लगेच फ्लॅशची प्रत काढायला लावली. पडद्यावर ४०९६ चौकोनांची जाळी एकेक करत भरत जाते, सावकाश. मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने वी उचलून खालून पाहिला आणि विचारलं, "बाबा, चिप कुठे मारली?"