'खास मोफत उपचारां'ची आठवण

'खास मोफत उपचारांची ही शेवटची संधी', असं त्या पत्रात लिहिलं होतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॅकन परगण्यातल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना ते आलं होतं सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगातून. माणसं विश्वासानं गेली. तिथे त्यांच्या मणक्यातलं पाणी काढून घेतलं गेलं. तो उपचार नव्हताच, डॉक्टरांना तपासणीसाठी नमुना हवा होता. सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगावर उपचार केलेच नाहीत तर तो कुठवर जातो, हे ३९९ रुग्णांवर बघत बसण्याचा, तिथल्या टस्कीगी गावाच्या नावानं ओळखला जाणारा हा प्रयोग १९३२ साली सुरू झाला. पुढे पेनिसिलिनसारखं गुणकारी औषध हाती आलं, तरी ते त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे प्रयोग थांबला.

हे सगळं २०२० मध्ये पुन्हा आठवावं लागलं. लॉस एंजेलिसमध्ये संशोधकांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या १०१ कृष्णवर्णीयांना कोविडबद्दल काय वाटतं ते विचारलं. कोविडविषयीची किमान एक तरी अविश्वासाची भावना ९७ टक्के लोकांनी बोलून दाखवली. लस अजून आलीही नव्हती, तरी निम्म्याहून अधिक लोकांच्या मनात लसीबद्दल किंवा उपचारांबद्दल शंका होती. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला साफ चुकीचं वाटतं. ज्यांच्या आजोबांच्या पिढीला 'उपचार' या शब्दानंच फसवलं, त्यांनी तो शब्द दोनदा तपासून घेतला तर नवल काय? आणि हा फक्त इतिहास नाही. दवाखान्यात आजही तुटक बोलणं, तक्रारीकडे कानाडोळा असे अनुभव या लोकांना येतात, आणि समलिंगी पुरुष किंवा ट्रान्सजेंडर व्यक्ती असेल तर त्यात आणखी भर पडते.

अर्थात प्रत्येक संशय अनुभवातूनच उगवतो असं नाही, काही पेरलेलेही असतात. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्करानं प्रयोगशाळेत बनवला, ही कंडी १९८३ मध्ये सोव्हिएत हेरखात्यानं दिल्लीच्या एका दैनिकातल्या निनावी पत्रातून सोडली होती. पण अशी बी रुजायला जमीन लागते, आणि ती टस्कीगीसारख्या प्रकारांनी आधीच नांगरून ठेवलेली होती.

अविश्वासाची किंमत शेवटी शरीर मोजतं. एचआयव्हीची औषधं विषाणूला वाढू देत नाहीत, पण त्याला मुळापासून उपटू शकत नाहीत. तो काही पांढऱ्या पेशींच्या जनुकसाहित्यात स्वतःची प्रत मिसळून दडून बसतो. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तात तो चाचणीलाही सापडत नाही, आणि असं प्रमाण टिकून राहिलं तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. गोळ्या बंद केल्या, की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा उसळतो. अर्धवट घेतल्या तर औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होण्याचा धोका. कोविडच्या आधीच, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय पुरुषांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना बाटली उघडल्याची नोंद करणारी इलेक्ट्रॉनिक झाकणं बसवली होती. ही औषधं म्हणजे आपल्यावरचा कट आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांचे डोस जास्त चुकत होते. मनातला संशय झाकणाच्या नोंदीत उतरला होता.

महामारीनं यात आणखी भर घातली. तपासण्या फोनवर आल्या, घरात माणसं चोवीस तास. आजार घरी सांगितलेला नसेल तर बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढायचं, गोळी न्हाणीघरात जाऊन गिळायची. डॉक्टरांचा फोन आला आणि खोलीत कुणी असेल, तर 'सगळं ठीक आहे' एवढंच बोलायचं. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ७३ देशांत एचआयव्हीची औषधं संपण्याचा धोका असल्याचं सांगितलं. अनेक ठिकाणी मग तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात झाली. दवाखान्याची खेप वाचली, औषधही हाती राहिलं. पण समोरासमोर बसून शंका विचारण्याची ती दहा मिनिटंही खेपेबरोबरच गेली.

लॉस एंजेलिसच्या त्याच अभ्यासात, कोविडची माहिती कुणाकडून आली तर पटते हेही विचारलं होतं. सर्वाधिक विश्वास होता आरोग्यसेवक आणि समाजसेवा संस्थांमधल्या कार्यकर्त्यांवर, म्हणजे ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो अशा माणसांवर. गोळ्या पोचवताना 'अजून किती उरल्यात?' या प्रश्नाच्या आधी 'झोप लागते का?' विचारणारा माणूस लसीविषयी बोलू लागला, की त्याचं ऐकलं जातं.