तारांचा तराजू: सेकंडहँड ट्रेमोलो गिटार घेताना

ठाण्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी ती गिटार पहिल्यांदा हातात घेतली. जाहिरातीत कारण सरळ दिलं होतं: 'सूर टिकत नाही, म्हणून विकायची आहे.' घाट स्ट्रॅटोकास्टरचा, रंग थोडा उडालेला. ब्रिजची मागची कड लाकडापासून चांगली सात-आठ मिलिमीटर वर उचललेली होती आणि तारा इतक्या उंच, की बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबताना बोटांना रग लागावी. विकणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. म्हणाला, "काका, आधी चांगली वाजायची. तारा बदलायला दुकानात दिली. ते म्हणाले जाड तारा टाका, आवाज भरदार येईल. तेव्हापासून ही अशी झाली. बिघडलीच बहुतेक."

बिघडली नव्हती. तिचा तोल गेला होता, आणि का गेला ते त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं.

साध्या गिटारचा ब्रिज, म्हणजे आपल्या तंतुवाद्यांच्या भाषेत घोडी, एका जागी पक्की बसवलेली असते. लिओ फेंडर यांनी १९५४ साली कॅलिफोर्नियात स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तिची घोडी मात्र हलती होती. पुढच्या कडेला सहा स्क्रू, आणि त्यांच्यावर टेकून अख्खा ब्रिज दाराच्या बिजागरीसारखा झुलतो. ब्रिजच्या खाली धातूचा जड ठोकळा, तो गिटारच्या अंगातून आरपार मागच्या खळग्यात उतरतो. ठोकळ्याच्या तळाला तीन ते पाच स्प्रिंगा अडकवलेल्या असतात आणि त्यांचं दुसरं टोक एका धातूच्या पंजात असतं. हा पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला असतो.

गंमत अशी, की तारा आणि स्प्रिंगा दोघीही ब्रिजला एकाच दिशेने, मानेकडे, ओढतात. पण तारा टेकूच्या वर ओढतात आणि स्प्रिंगा टेकूच्या खाली. म्हणून एक ब्रिजला पुढे कलंडवू पाहते आणि दुसरी मागे. दोघींचा जोर जुळला की ब्रिज स्थिर. बागेतल्या सी-सॉवर एका बाजूला वडील टेकूजवळ बसतात आणि दुसऱ्या टोकाला पोर, तरी फळी आडवी राहते. इथेही बलाला टेकूपासूनच्या अंतराने गुणायचं. ब्रिजला एक दांडी जोडलेली असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर खाली जातो, सोडली की स्प्रिंगा सगळं जागेवर आणतात.

या दांडीला ट्रेमोलो म्हणतात ते मुळात चूक आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होत थरथरणं, सुराची उंची हलणं म्हणजे व्हायब्रेटो. फेंडर यांनी ब्रिजला ट्रेमोलो म्हटलं आणि त्यांच्या काही अॅम्प्लिफायरमधल्या खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो. नावांची ही अदलाबदल सत्तर वर्षं टिकून आहे, म्हणून मीही इथे ट्रेमोलोच म्हणतो.

आता त्या जाड तारांकडे येऊ. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'नऊचा सेट' म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, 'दहाचा सेट' म्हणजे ०.०१० इंच. हा फरक डोळ्याला दिसतही नाही. पण तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असलेल्या स्ट्रॅटवर नेहमीच्या सुरात लावल्यावर नऊच्या सेटमधल्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ३८ किलो वजनाइतका असतो, तर दहाच्या सेटचा सुमारे ४७. म्हणजे दुकानदाराने नव्या तारांबरोबर त्या ब्रिजवर आठ-नऊ किलोंचा जादा ओढा लादला आणि मागचं झाकण उघडून स्प्रिंगा आवळल्याच नाहीत. ब्रिज पुढे कलंडला, मागची कड उचलली गेली, तारा उंच झाल्या. बिचारा मुलगा वर्षभर खुंट्या पिळत राहिला.

खुंट्या पिळून हा प्रश्न का सुटत नाही, तेही याच तराजूत दिसतं. जाड 'ई' तार चढवली की तिचा ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. फेरी मागून फेरी केली तर चूक कमी होत जाते खरी, पण ज्याला हे माहीत नाही तो दुसऱ्या फेरीलाच वैतागतो. एक तार तुटली तर उलट होतं: स्प्रिंगा जिंकतात आणि बाकीच्या पाचही चढतात. ट्रेमोलोच्या गिटारवर सहा तारा सहा नसतातच, ते एकत्र कुटुंब आहे.

याच संदर्भात मला फार आवडणारा एक हिशेब आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली तारांचे नियम छापले. त्यांतला एक असा, की सुराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. त्यात पोलादाच्या लवचिकतेचं गणित घातलं, की साध्या, वेटोळं नसलेल्या तारेबद्दल एक चमत्कारिक गोष्ट समजते. तार सुरात यायला किती लांबावी लागते, याच्याशी तिच्या जाडीचा संबंधच नसतो. जाड तार जड, म्हणून तिला जास्त ताण हवा, पण जाड असल्यामुळे ती ताणायलाही त्याच प्रमाणात कठीण. जाडी दोन्हीकडून कटते. उरतो तो फक्त सूर आणि लांबी. नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचा असलेली पट्टी, आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा, यांच्या मधल्या भागापुरतं पाहिलं, तर ३३० हर्ट्झची बारीक 'ई' तार सुरात येईपर्यंत सुमारे साडेचार मिलिमीटर लांबते. १९६ हर्ट्झची 'जी' तार जेमतेम १.६ मिलिमीटर.

आता दांडी दाबून दोन्ही तारा अर्धा मिलिमीटर सैल करा. 'ई'चा नवव्या हिश्श्याएवढा ताण जातो आणि ती पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर, काळ्या-पांढऱ्या धरून एकच पट्टी खाली येते. 'जी'चा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो आणि ती तीन पट्ट्या खाली घसरते. म्हणून दांडीने एकटा स्वर हलवला तर मींडेसारखा गोड लागतो, पण अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक स्वर, दाबून दांडी खोल नेली तर कॉर्डचे स्वर एकमेकांपासून फाकतात. यात गिटारचा दोष नाही, ती महाग असो की स्वस्त. 'जी तार सारखी बेसूर होते' ही तक्रार प्रत्येक गिटारवाला करतो, त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे. अर्ध्या-पाव मिलिमीटरची घसरण 'ई' पचवते, 'जी' पचवू शकत नाही.

ती घसरण होते कुठे? बहुतेक वेळा नटवर. तार तिथे वाकून खुंटीकडे जाते आणि जिथे ताणलेली तार वाकते तिथे घर्षण तिला धरून ठेवतं. हे पाहायची युक्ती सोपी आहे. तार सुरात लावा, दांडी एकदा खोल दाबून सोडा आणि पुन्हा सूर पाहा. तार मूळ सुरापेक्षा चढलेली आली तर नटची खाच ती धरून ठेवते आहे. दांडी खाली असताना खुंटीकडच्या भागात ताण जास्त होता, त्याने थोडी तार आपल्याकडे खेचून घेतली आणि परत येताना खाचेने ती सोडली नाही. खुंटी पिळताना मध्येच 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारतो, तेही याच आजाराचं लक्षण. इलाज शिसपेन्सिलीचा आहे: तार बाजूला सारून खाचेत मऊ पेन्सिल घासायची. ग्राफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात. तार उतरलेली आली, तर मात्र खुंटीवरचे वेढे पाहायचे. सैलसर पाच-सहा वेढे असतील तर तेच हळूहळू आवळले जात असतात, दोन-तीन घट्ट वेढे पुरतात.

म्हणून जुनी गिटार पाहायला गेलं की सूर टिकत नाही म्हणून मी कधीच परत फिरत नाही. तोल आणि घर्षण घरी दुरुस्त होतात. परत फिरायला लावणारी कारणं वेगळी असतात.

पहिलं मान. सुतार फळीवरून एक डोळा मिटून पाहतो तसं हेडकडून ब्रिजकडे पाहायचं. किंचित पुढे बाक असेल तर चालतं, तसा तो हवाही असतो, आणि मानेतल्या पोलादी सळईने तो कमी-जास्त करता येतो. मानेला पीळ असेल तर सळईचा उपयोग नाही, गिटार खाली ठेवायची. मग पडदे. त्यांच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल, जस्त, चांदीचा कणही नाही. पोलादाच्या तारेपुढे तो मऊ पडतो. पहिल्या तीन-चार पडद्यांवर तारेखाली खोल चरे पडले असतील, तर नवे पडदे बसवण्याचा खर्च कधीकधी गिटारच्या किमतीला जाऊन भिडतो.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे गंज. सॅडलच्या उंचीचे इवलेसे अॅलन स्क्रू घाम आणि खाऱ्या हवेने जाम होतात. किल्ली लावून एक-दोन फिरवून पाहा. मागचं झाकण उघडायची परवानगी मागा आणि पंजाचे दोन स्क्रू बघा. ब्रिजच्या टेकूची कड आणि ते सहा स्क्रू बोथट किंवा चरलेले असतील, तर दांडी सोडल्यावर ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी येऊन थांबेल. इलेक्ट्रॉनिक्सची मला फारशी धास्ती नसते. नॉब फिरवताना येणारी खरखर बहुधा आतल्या धुळीची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या लहरीत बदलणारा चुंबकाचा भाग, चालू आहे का, हे स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच त्याच्या चुंबकाला लावून 'टक' ऐकलं की कळतं.

ती गिटार या सगळ्यातून पास झाली. मुलाला मी खरं कारण सांगितलं, हवी असेल तर मी सांगतो तसं कर आणि स्वतःकडेच ठेव, असंही म्हटलं. तो नोकरीसाठी बंगळुरूला निघाला होता. गिटार घरी आली.

दहाचाच नवा सेट चढवला. क्रम महत्त्वाचा असतो: आधी मान, मग तोल, मग तारांची उंची, शेवटी सॅडलची पुढे-मागे जागा. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून तारेचीच पट्टी केली आणि सातव्या-आठव्या पडद्यावरची फट पाहिली. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, तिथे अर्धा होती. सळई पाव फेरा आवळून थांबलो. लाकूड सावकाश ऐकतं.

मग तोल. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधारण तीन मिलिमीटर फट ठेवायची होती, म्हणजे दांडी थोडी वरही ओढता येते. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या आणि ब्रिज बरोबर त्या उंचीवर थांबेल इतक्या पट्ट्या मागच्या खळग्यात, ठोकळा आणि शेपटीकडची भिंत यांच्यामध्ये सारल्या. ब्रिज आता हलू शकत नव्हता, म्हणून सहाही तारा साध्या गिटारसारख्या एका फेरीत सुरात आल्या. आता तारांचा जादा जोर पत्रिकांवर होता आणि तो स्प्रिंगांवर घ्यायचा होता. गिटार मांडीवर आडवी धरून पंजाचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो. पंजाला डाग देऊन जोडलेली अर्थिंगची वायर असते, तिला ताण येऊ द्यायचा नाही. सातव्या की आठव्या वेळी पट्ट्या सैल झाल्या आणि एकेक करून मांडीवर पडल्या. तारा ट्यूनरवर तपासल्या, सहाही जागेवर होत्या. मला अजूनही या क्षणाचा आनंद होतो.

सतराव्या पडद्यावर तारांची उंची १.६ मिलिमीटरच्या जवळ आणली. याहून खाली गेलो तर तार पडद्यांवर घासून भणभणायला लागते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा हीच घसट मोठ्या कौशल्याने घडवतात, गिटारला ती नको असते. शेवटी बारावा पडदा. तो तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथला दाबलेला स्वर आणि नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक एकच यायला हवेत. दाबल्याने तार ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो, त्यासाठी सॅडल मागे सरकवायचं. जाड 'ई' काही केल्या जुळेना, तेव्हा पिकअप पाहिला. तो तारेला इतका चिकटला होता, की त्याचं चुंबकच तिला ओढत होतं आणि वरच्या पडद्यांवर एका तारेतून दोन सूर ऐकू येत होते. दोन मिलिमीटर खाली केला आणि तार जुळली.

हे मेमधलं काम. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा पावसाळ्याच्या दमट हवेने मान हलली होती, सातव्या पडद्यावरची फट पाव मिलिमीटरच्या पुढे गेली होती. सळई अष्टमांश फेरा आवळली, तारा लावल्या, ब्रिजच्या मागे फूटपट्टी धरली. तीन मिलिमीटर.