‘ए समरी’नंतर पोलीस काय सांगतात? : पार्श्वभूमी

‘कोल्ड केस’, म्हणजे वर्षानुवर्षे न उलगडलेला गुन्हा, हा शब्द मालिकांमुळे मराठीत रुळला असला, तरी पुण्यातल्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या दप्तरात तो सापडणार नाही. तिथला शब्द आहे ‘ए समरी’. अशा गुन्ह्यांबद्दल पोलीस लोकांना काय आणि किती सांगतात, याची ही पार्श्वभूमी. गुन्हा खरोखर घडला आहे, पण तो उघडकीस आलेला नाही, असा अहवाल दंडाधिकाऱ्यांपुढे जातो आणि तो मंजूर झाला की कागद कपाटात जातात. (खोट्या तक्रारीसाठी ‘बी’ आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेल्या तक्रारीसाठी ‘सी’, ही त्याचीच भावंडे.) मात्र कागद बांधून ठेवले म्हणून गुन्हा संपत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीची अट आहे, खुनाला ती नाही. शिवाय १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७३(८), आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३(९), पुढील तपासाची वाट मोकळी ठेवते. ‘तपास चालू आहे’ हे उत्तर वीस वर्षांनीही देता येते, ते यामुळेच.

लोकांना माहिती देण्याची जी रीत कायद्याने घालून दिली, ती मुळात फरार आरोपीसाठी होती. न्यायालयाने काढलेला जाहीरनामा आरोपीच्या गावात चारचौघांत वाचून दाखवायचा, त्याच्या घरावर आणि न्यायालयाच्या इमारतीवर चिकटवायचा आणि गरज वाटल्यास वर्तमानपत्रात द्यायचा, हे दवंडीच्या काळाला शोभणारे कलम आजही जवळपास त्याच शब्दांत टिकून आहे. पण त्यासाठी आरोपीचे नाव ठाऊक असावे लागते. नावच नसेल, तर काय आणि किती सांगायचे याबद्दल कायदा गप्प आहे, आणि ती जागा पोलिसांनी वहिवाटीने भरली.

त्या वहिवाटीचा सर्वांत ओळखीचा कागद म्हणजे शोधपत्रिका. वय अंदाजे इतके, रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर गोंदलेले, अंगात निळा शर्ट. वर एक काळपट, छायाप्रतीची छायाप्रत काढलेला फोटो आणि खाली ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक. १९७३ मध्ये सिंहगडावरचे प्रक्षेपण सुरू होऊन मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागले, आणि हरवलेल्या माणसांची अशी वर्णने ‘आपण यांना पाहिलंत का?’ या प्रश्नासह घरोघरी पोचली. अशा आवाहनांत बहुधा एक ओळ ठरलेली असते : माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल. ते केवळ आश्वासन नव्हे. खबर कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यातच होती.

हातचे राखून सांगण्याची सवयही त्याच कायद्यातून आली आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. पण आरोपीने दाखवून दिल्यामुळे जी वस्तू सापडते, तिच्यापुरते त्याचे सांगणे त्या कायद्याच्या कलम २७ खाली चाले; १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. ती वस्तू कुठे आहे हे आधीच सर्वांना ठाऊक असेल, तर सापडण्याला अर्थ उरत नाही. ओळख परेडचेही, म्हणजे साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून आरोपी ओळखून दाखवण्याचेही, तसेच. पोलीस आयुक्तालयातल्या पत्रकार परिषदेत मागे अधिकारी आणि पुढे काळ्या बुरख्यातले आरोपी, हे दृश्य आपण इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे कारण विसरायला होते : साक्षीदाराने चेहरा आधीच वर्तमानपत्रात पाहिला, तर बचाव पक्षाला परेड मोडून काढायला तेवढे पुरते.

१९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुण्याला सांगावे की राखावे या ओढाताणीची दुसरी बाजू दाखवली. अधिकृत माहिती तुटपुंजी आणि अफवा भरपूर, अशा अवस्थेत शहर संध्याकाळीच दारे लावून घेऊ लागले. अखेर आरोपींपर्यंत नेणाऱ्या धाग्यांत नायलॉनच्या दोरीच्या सारख्या गाठी होत्या. असा तपशील छापून आला तर गुन्हेगार गाठ बदलतो हे खरे; पण भेदरलेल्या शहराला काहीच न सांगण्याची किंमतही मोठी असते, असे मला वाटते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर पोलिसांनी संशयिताचे रेखाचित्र प्रसिद्ध केले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपासातली माहिती माध्यमांपर्यंत पोचत असल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

मधल्या काळात नियम वाढले, पण बहुतेक ताज्या गुन्ह्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संवेदनशील प्रकरणे वगळून प्राथमिक माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पोलिसांच्या माध्यम-संवादासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाला नियमपुस्तिका करायला सांगितली. जुन्या गुन्ह्यांना खरोखर उपयोगी पडतील अशा वाटा थोड्या. तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवले. माहिती अधिकारात तपासाला अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. पण तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन घातले. त्या ९० दिवसांनंतरच्या वर्षांबद्दल मात्र काही नाही.

पुण्यात त्यात आणखी एक गुंता आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे वेगळे पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि शहराकडची व ग्रामीणकडची काही ठाणी त्याला जोडली गेली. चाकणसारखे ठाणे आता या नव्या आयुक्तालयात आहे, तर तिथल्या जुन्या गुन्ह्यांचा त्या वेळी तपास झाला तो ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत. त्यामुळे बारा वर्षांपूर्वीच्या खुनाची विचारणा करायला आलेल्या नातेवाइकाला आधी कोणत्या कार्यालयाच्या बाकावर बसायचे, इथपासून सुरुवात करावी लागते.