‘इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही’: एका सूचनेची पार्श्वभूमी

मुंबईत कुणाकडे कुत्र्याचं नवं पिल्लू आलं की ही सूचना ठरलेली असते. डॉक्टर सांगतात, समोरच्या काकू सांगतात, वॉचमनही सांगतो. इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत त्याला खाली न्यायचं नाही. आमच्या घरी चिंगी आली तेव्हा आम्ही ती अक्षरशः पाळली. सातवा मजला, पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद. साडेचार महिन्यांची झाल्यावर चिंगी पहिल्यांदा लिफ्टमधून खाली उतरली. गेटबाहेर बेस्टची बस ब्रेक मारून थांबली आणि चिंगीने जमिनीला जे पोट टेकवलं, ते शेवटी उचलूनच तिला वर आणावं लागलं. पुढे अकरा वर्षं ती घरात लाघवी आणि दाराबाहेर भेदरलेली राहिली. गणपतीचे दहा दिवस बाथरूममध्ये बादलीमागे बसून काढायची. कुणी पाहुणा आला की पलंगाखाली.

सूचना देणाऱ्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या सूचनेमागे फार मोठी मनुष्यहानी नव्हे, पण श्वानहानी नक्कीच आहे. मात्र ती जिथून आली ती गोष्ट आणि तिच्याआधीच कळून चुकलेली दुसरी एक गोष्ट, या दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय चिंगीचं काय झालं हे कळत नाही.

१९७८ साली कुत्र्यांमध्ये एक नवाच रोग जगभर पसरला. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू संपलेलं. पार्व्हो. हा विषाणू मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या कुळातला; कुत्र्यांच्या शरीराला त्याची ओळखच नव्हती, त्यामुळे काही महिन्यांत तो खंड ओलांडून गेला. सुरुवातीला तर मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो भारतातही येऊन पोचला. याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे हा मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आजारी कुत्रं दिसायलाच हवं असं नाही. ते चार महिन्यांपूर्वी तिथून गेलं असलं तरी पुरे. चपलेच्या तळव्यालाही तो चिकटून येतो.

लस आली, पण तिच्यात एक अडचण होती. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती काही आठवडे त्याला सांभाळते आणि तेवढाच काळ लसीलाही निकामी करते. हे कवच नेमकं कधी उतरेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या पुढे, अशी रीत पडली. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने. ‘इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत’ या तीन शब्दांत हे चार महिने दडलेले आहेत.

मुंबईत ही भीती पोकळ नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदीच्या कार्यक्रमात रेबीजची लस मिळते, पार्व्होची सहसा नाही. त्यात पावसाळ्यात साचलेलं पाणी, उंदीर आणि त्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो हा आजार. बिल्डिंगखालच्या कुंड्यांजवळ आठ आठवड्यांचं पिल्लू हुंगायला सोडणं हा जुगार आहे, आणि ज्यांनी एकदा पार्व्होचं पिल्लू सलाइनवर पाहिलंय ते तो खेळणार नाहीत.

दुसरी गोष्ट याच्या सतरा वर्षं आधीची आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर हे दोघं कित्येक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास करत होते. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग, फॉक्स टेरियर अशा पाच जातींची पिल्लं जन्मल्या दिवसापासून रोज पाहायची, मोजायची, लिहून ठेवायची. तिथेच डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्विल इलियट यांनी केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात कॉकर आणि बीगलची पिल्लं आईबरोबर वाढली. खाणं-पाणी कुंपणातल्या भोकातून आत सरकवायचं, माणूस म्हणून नजरेला पडू द्यायचा नाही. मग काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त एका आठवड्यासाठी माणसांत आणायचं आणि परत आवारात सोडायचं.

दोन आठवड्यांची पिल्लं झोपाळू, त्यांना माणसाचं काही विशेष नाही. तीन आठवड्यांची तुरुतुरु माणसाजवळ आली. पाच आठवड्यांची जरा थबकून. सात आणि नऊ आठवड्यांच्यांना जवळ यायला दिवस लागले. आणि काही पिल्लं चौदा आठवडे माणसाविना ठेवली होती. ती रानटी जनावरासारखी बुजली. नंतर त्यांच्यावर कितीही माया केली तरी ती भीती फारशी निघाली नाही.

हे वाचलं तेव्हा मला चिंगी आठवली. चौदा आठवडे. ती खाली उतरली तेव्हा एकोणीस-वीस आठवड्यांची होती.

अर्थात चिंगी माणसाविना वाढली नव्हती. आम्ही चौघं होतो. पण तिच्या जगात फक्त आम्ही चौघंच होतो. मराठीत ‘माणसाळणं’ हा शब्द आहे, आणि मला तो फार नेमका वाटतो. फक्त त्याची हद्द थोडी वाढवावी लागते. पिल्लाला माणसाची सवय व्हावी लागते तशीच छत्री उघडण्याची, हेल्मेट घातलेल्या चेहऱ्याची, कुबड्यांच्या आवाजाची, गुळगुळीत फरशीची, सरकत्या दाराची. तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं आणि त्याने काही वाईट झालं नाही, ते पिल्लाच्या लेखी ‘आपलं’. त्यानंतर जे नवं येईल ते आधी संशयित. आधी या काळाला निर्णायक काळ म्हणत. पुढे शास्त्रज्ञांनी शब्द सौम्य केला, संवेदनशील काळ म्हणू लागले, कारण हे दार एका रात्रीत बंद होत नाही, हळूहळू लोटलं जातं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलला अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांना हेच वेगळ्या वाटेने दिसलं. चाचण्या उत्तम पास झालेली पिल्लं घरी पाठवायला जितका उशीर होई, जितके जास्त आठवडे ती पिंजऱ्यात राहत, तितकी ती पुढे वाटाड्या म्हणून अपुरी पडत. रक्त तेच, बुद्धी तीच, फक्त मधले काही आठवडे वाया गेले. म्हणून ती पिल्लं मुलं असलेल्या घरांत वाढवायची पद्धत तिथे महत्त्वाची ठरली.

म्हणजे १९६१ साली कळलं की पिल्लाला चौदा आठवड्यांच्या आत जग दाखवा, आणि १९७८ नंतर ठरलं की सोळा आठवडे जग दाखवू नका. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर.

आता मुंबईकडे येतो, कारण माझ्या मते या शहरात हा पेच उशिरा जाणवला आणि त्याचं कारण चाळ आहे. कुत्रा आपल्याकडे मुळात उंबऱ्याबाहेरचा. दत्ताच्या पायाशी, खंडोबाच्या वाटेवर, नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले त्या गोष्टीत, सगळीकडे तो दारातला आहे, दिवाणखान्यातला नाही. आणि गल्लीचा कुत्रा हा गल्लीचा माणूस असे. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध फोर्टात दंगल उसळली, पारशी मंडळी पुढे होती, बाजार बंद पडले. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याच्या नजरेला स्थान आहे, हे त्यामागचं एक कारण. परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाला, जे १८८३ सालचं आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून उभं राहिलेलं, लोक आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. नावातच कळतं की दवाखान्यात न्यायचं जनावर म्हणजे बैल आणि घोडा. कुत्रा आपला आपण वाढायचा.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्या जिन्याखाली मोतीची आई व्यायली होती. मोतीचे डोळे उघडले ते सामाईक नळावरच्या भांडणात. दोन महिन्यांचा होईपर्यंत त्याला दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, भाजीवाली, तिसऱ्या खोलीतले खोकणारे आजोबा आणि गॅलरीत क्रिकेट खेळणारी पंधरा पोरं ठाऊक होती. स्टोव्हचा भडका, ताटं पडल्याचा आवाज, चौकातल्या गणपतीचे ढोल, सगळं त्याच्या कानांनी आईच्या कुशीतून ऐकलं होतं. कुणी त्याला काही शिकवलं नाही. त्याची दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही: त्याची तीन भावंडं पहिल्या महिन्यात गेली. कशाने गेली हे कुणी विचारलंही नाही.

१९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली, पुनर्विकासाने वेग घेतला आणि लालबाग, परळ, गिरगावातल्या गॅलऱ्या टॉवरमध्ये गेल्या. दारं लागली. कुत्रा उंबऱ्याच्या आत आला. २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने घराघरांत हट्ट पेरला आणि पिल्लं पिंजऱ्यातून, टोपलीतून, ट्रेनमधून फ्लॅटमध्ये येऊ लागली. कित्येक तर महिन्याभराचीच, ‘लहान आणलं की लळा लागतो’ या समजुतीने. खरं तर पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना दात किती जोरात लावायचे हे शिकत असतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली, ती मला या सगळ्या इतिहासातली आपल्याकडची सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

शिकवण्याची जुनी रीतही अशीच उशिराची होती. सहा महिन्यांचा झाला की ट्रेनर लावायचा, गळ्यात साखळी, ‘बैठ’. ऐंशीच्या दशकात इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने कॅलिफोर्नियात छोट्या पिल्लांचे, पट्टा सोडून खेळू देणारे वर्ग सुरू केले आणि ही कल्पना रुजली. शेवटी २००८ साली अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने लेखी भूमिका घेतली: पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध होऊन किमान सात दिवस झाले की, सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागेतल्या वर्गाला जाऊ शकतं, सगळे डोस संपण्याची वाट पाहू नये. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचा जीव संसर्गापेक्षा वागणुकीच्या तक्रारींनी जास्त जातो, कारण भित्रा कुत्रा चावतो आणि चावणारा कुत्रा घराबाहेर काढला जातो.

हा कागद आपल्या सोसायट्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. त्यात लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदीच्या पाट्या. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली अशी बंदी घालता येत नाही असं कळवूनही त्या कित्येक ठिकाणी तशाच आहेत. त्यात २०२० चा लॉकडाउन. त्या वर्षी आणलेल्या पिल्लांनी पाहुणा म्हणून माणूस पाहिलाच नाही. आमच्या वॉर्डात आज पाच-सहा वर्षांची जी कुत्री डोअरबेलला अंग फुलवून भुंकतात, त्यांतली बरीच त्या वर्षीची आहेत. त्यांना रागावणाऱ्यांचा मला राग येतो.

गेल्या हिवाळ्यात बहिणीने परळहून एक गावठी पिल्लू आणलं. सोन्या. पहिला डोस झाला, आठवडा गेला, आणि भाचीने जुन्या ओढणीची झोळी करून त्याला गळ्यात बांधलं. नियम एकच: जमिनीला पाय नाही, अनोळखी कुत्र्याला नाक नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास. टोपली घेऊन चाललेल्या कोळणीने त्याला हात हुंगू दिला. क्रिकेटच्या बॅटचा ठोका, नारळवाल्याचा कोयता, व्हीलचेअरवरचे एक आजोबा. घाबरला की लांब जायचं, ओढून जवळ न्यायचं नाही. दमला की घरी.

दहाव्या आठवड्यात ती त्याला दादरच्या टिळक पुलावर घेऊन गेली, मी बरोबर होतो. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. खालून पहिली फास्ट लोकल गेली तेव्हा त्याने तोंड तिच्या काखेत खुपसलं आणि तुकड्याकडे बघितलंही नाही. आम्ही चार पावलं मागे सरलो. दुसरी गेली तेव्हा एक कान बाहेर आला. तिसऱ्या गाडीला त्याने मान वळवून डबे जाताना पाहिले, शेवटचा डबा दिसेनासा झाला, आणि मग भाचीच्या बोटांतून तुकडा हळूच काढून घेतला.