आरोग्य विमा कंपन्यांचे सामाजिक दायित्व

आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीने आपल्या नफ्याचा ठरावीक वाटा समाजाच्या कामासाठी खर्च करण्याची कायदेशीर जबाबदारी. भारतात ती कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 मुळे येते. हे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. कागदोपत्री ‘सामाजिक दायित्व’ असले तरी बोलण्यात सगळीकडे ‘सीएसआर’च (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी) म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संस्थांतही ‘सीएसआरचा पैसा’ हा शब्द आता ‘अनुदाना’इतकाच रुळला आहे.

आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी रुपये, उलाढाल 1,000 कोटी रुपये किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला गेला तरी कलम लागू होते. मग मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्चावी लागते. रोगप्रतिबंध, कुपोषण, स्वच्छता, पिण्याचे पाणी ही कामे अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या खर्चासाठी मान्य कामांच्या यादीत, पहिल्याच बाबीत येतात. त्यामुळे आरोग्य विमा कंपनीला विषय शोधत दूर जावे लागत नाही.

केवळ आरोग्य विम्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या भारतात तरुण आहेत. यातली पहिली, स्टार हेल्थ, 2006 मध्ये चेन्नईत सुरू झाली. निवा बुपा, केअर, आदित्य बिर्ला हेल्थ या तिच्या मागून आल्या. अशा कंपनीची पहिली काही वर्षे सहसा तोट्यातच जातात, आणि नफा नाही तर दोन टक्केही नाहीत. करोनाच्या काळात दाव्यांचा पूर आला तेव्हा स्टार हेल्थला सलग दोन वर्षे, 2020-21 आणि 2021-22 मध्ये, मोठा तोटा झाला. पुढच्या वर्षी नफा झाला, तरी तिन्ही वर्षांची सरासरी उणेच येते. म्हणजे ज्या काळात लोकांना आरोग्यसेवेची सर्वाधिक गरज भासली, त्याच काळाने सक्तीच्या खर्चाचे गणित शून्यावर आणून ठेवले. नफ्याशी बांधलेल्या दायित्वाची ही मोठी उणीव आहे, आणि आरोग्य विम्यात ती जितकी उघडी पडते तितकी सिमेंट किंवा पोलादाच्या धंद्यात पडत नाही.

कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम या खर्चात धरता येत नाही. दावा वेळेवर मंजूर करणे, विमाधारकाला मोफत तपासणी देणे, कर्मचाऱ्यांसाठी शिबिर घेणे, जाहिरातीसाठी मॅरेथॉनला पैसे देणे यांतले काहीही चालत नाही. ही भिंत योग्यच आहे. विमाधारकाचे देणे वेळेवर देणे हे कराराने बांधलेले कर्तव्य आहे; ते समाजकार्य म्हणून मिरवता येऊ नये. हिशेबातही ही भिंत दिसते. हप्ते आणि दावे महसुली खात्यात मांडले जातात, तर ‘सीएसआरवरील खर्च’ ही ओळ भागधारकांच्या नफा-तोटा पत्रकात असते. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील जाहीर विवरणांत ती कोणालाही वाचता येते.

ग्रामीण भागात आणि असंघटित कामगारांना ठरावीक प्रमाणात विमा देण्याचे बंधन याहून वेगळे. ते विमा अधिनियम, 1938 च्या कलम 32ब आणि 32क मधून येते. तिथे पॉलिसी विकलीच जाते.

खर्चाचा ओळखीचा प्रकार म्हणजे तपासणी शिबिर. शाळेच्या एका वर्गात बाके भिंतीला लावलेली असतात. टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी, दाराशी नाव-वय-मोबाइल लिहून घेणाऱ्या आशाताई, मागे कंपनीच्या नावाचा फलक. साखर वाढलेली निघाली की बाईच्या हातात चिठ्ठी पडते: तालुक्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते, आणि गोळ्या पुढे आयुष्यभर घ्यायच्या असतात. कंपनीच्या अहवालात मात्र ती त्याच दिवशी ‘लाभार्थी’ म्हणून मोजली जाते. मार्च जवळ आला की अशा एकदिवसीय कामांची धांदल उडते, कारण न खर्चलेली रक्कम सरळ पुढे ओढता येत नाही. काम चालू प्रकल्पाचे, म्हणजे एकाहून अधिक वर्षे चालणारे, असेल तर ती वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. नाहीतर सहा महिन्यांच्या आत सातव्या अनुसूचीतील निधीत भरावी लागते.

चालू प्रकल्पालाही सुरुवातीचे वर्ष सोडून तीनच वर्षांची मुदत आहे. आरोग्याच्या कामाला ही मुदत तोकडी पडते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो 1993 ते 1998 असा चालला; तेव्हा कुठे बालमृत्यू घटल्याचे ठामपणे दाखवता आले, आणि पुढे ती पद्धत देशभरातील आशांच्या कामात गेली. परिणामांचे त्रयस्थ मूल्यमापनही सरसकट नाही. ज्या कंपनीचे बंधनकारक दायित्व तीन वर्षांच्या सरासरीने 10 कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिच्या 1 कोटी रुपये वा त्याहून मोठ्या प्रकल्पांनाच ते सक्तीचे आहे. वर्गातले ते शिबिर यात बहुधा बसत नाही.

आरोग्य विमा कंपनीकडे इतर उद्योगांकडे नसलेली एक गोष्ट असते: कोणत्या आजाराने कोणत्या वयात, कोणत्या शहरात माणूस रुग्णालयात येतो याची दाव्यांमधून जमलेली नोंद. रुग्णांची नावे काढून ही माहिती जिल्हा आरोग्य यंत्रणेला मिळाली, तर डायलिसिसची खुर्ची कुठे हवी आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या उपकेंद्रात वर्षभर हव्यात, हे आधीच ठरवता येईल.